तिसऱ्या आकड्यावरचं गाठोडं

१

हाडं कोण चोरतं? हा साधा प्रश्न त्या सकाळी हॉलमधल्या एकाही शहाण्या माणसाला पडला नव्हता. तेव्हा मला जो राग आला, तो इतक्या वर्षांत काही उतरलेला नाही.

साल शहाऐंशी, महिना डिसेंबर. मी प्रेमा कांदळगावकर. राहायला घाटकोपरला आणि नोकरीला अंधेरीच्या बाजूला, विमानतळावरच्या उतारूंच्या विश्रांती हॉलमध्ये, सामानघराच्या खिडकीवर. हॉल चालवायला पूर्वा सर्व्हिसेस नावाच्या एका कंत्राटी कंपनीकडे होता. रात्री परदेशातून उतरलेली आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी असलेली माणसं तिथे रात्र काढायची. महागाच्या तिकिटवाल्यांना हॉटेल मिळायचं. गवंडी, सुतार, ड्रायव्हर यांना हा हॉल. त्यातल्या प्रत्येक खुर्चीला लोखंडी हात बसवले होते. का, तर कुणी आडवं होऊ नये म्हणून. म्हणजे झोपण्यासाठी हॉल, आणि त्यात झोपता येऊ नये अशी व्यवस्था. ज्याने हे डोकं चालवलं त्याला एक रात्र तिथे काढायला लावली पाहिजे होती. माणसं बिचारी खुर्च्यांच्या मधल्या फरशीवर चादर टाकून झोपायची.

त्या दिवशी सकाळी सहाला मी पाळीवर आले तर मधल्या खांबापाशी गर्दी. खांबाच्या बुडाशी कृष्णाबाई फरशीवर बसलेली. कृष्णाबाई आमची झाडूवाली, वेसाव्याची कोळीण, पन्नाशीची बाई. सहा वर्षांत तिने कुणाची टाचणी उचललेली मी पाहिली नव्हती. आज तिच्या गळ्यात पास नव्हता. पास म्हणजे दोरीला अडकवलेलं फोटोचं कार्ड. ते नसलं की गेटवरचा वॉचमन आत घेत नाही, आणि आत घेतलं नाही की नोकरी संपली. त्या नोकरीवर तिचं घर चालत होतं, कारण कमावणारं दुसरं कुणी घरात नव्हतं.

पास हॉलचे मॅनेजर विद्याधर सामंत यांच्या हातात होता. रात्रपाळी संपत आली की माणसाचा चेहरा तेलकट होतो, डोळे सुजतात. सामंत मात्र ताजेतवाने होते. केस ओले, नीट भांग पाडलेला, अंगाला चंदनाचा वास. आठ वाजता हेड ऑफिसचे दोन साहेब तपासणीला येणार होते, स्वच्छता आणि आगीचा बंदोबस्त बघायला. त्यासाठी नटले असतील असं म्हणून मी तेव्हा तो विषय सोडून दिला.

त्यांच्यासमोर एक काळासावळा, हडकुळा माणूस उभा होता. दत्ताराम घाडी, मालवणकडचा, बहारीनला सुतारकाम करणारा. त्याचं बोलणं इथे कुणाला धड कळत नव्हतं. माझं गाव त्याच तालुक्यातलं, म्हणून मी पुढे झाले. मालवणी ऐकल्यावर त्याला एकदम भरून आलं.

"बाळाक न्हेल्यानी, बाई," तो म्हणाला. "ह्या हातान हाडलेलंय त्येका. आता शेवंतीक काय दाखवू?"

बाळा मेस्त्री हा त्याच्याच वाडीतला, त्याच साइटवर कामाला. महिन्यापूर्वी परांचीवरून पडला आणि गेला. दहन तिकडेच झालं. अस्थी एका तांब्याच्या कलशात घालून, वर पांढरं फडकं बांधून, दत्ताराम त्या गावी घेऊन चालला होता, बाळाच्या बायकोकडे, शेवंतीकडे. पुढचं विमान गोव्याचं, अकराचं, तेही दुसऱ्या इमारतीतून. नऊला इथून निघायलाच हवं. आणि पहाटे सव्वापाचला डोळे उघडले तर कलश नाही.

सामंतांचा तपास तोवर पुरा झाला होता. कचरा कोण उचलतं? कृष्णाबाई. कचऱ्याची गाडी पाचला गेली. म्हणजे कृष्णाबाईने गाठोडं कचऱ्यात टाकलं, किंवा तांब्याच्या लोभाने लांबवलं. तपासणी झाली की तिला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. एवढंच. झाडू हातात असलेल्या माणसावर आळ घ्यायला आपल्याकडे पुरावा लागत नाही, हे मला माहीत होतं, पण इतक्या झटपट?

मी कृष्णाबाईच्या शेजारी बसले तेव्हा तिने मान वर केली.

"परेमा, मी त्येला पानी ठेवलंय गो," ती म्हणाली. "पानी ठेवलेल्याला कचऱ्यान कशी टाकीन?"

२

मी दोघांना खांबापाशी ठेवलं आणि बाकीची गर्दी हाकलली. सामंतांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी म्हटलं, साहेब, आठला तपासणी आहे, गर्दी दिसली तर बरं दिसेल का? ते लगेच बाजूला झाले. तपासणीचं नाव काढलं की त्यांना काहीही पटायचं.

दत्तारामला मी पहिला प्रश्न विचारला की कलश ठेवला कुठे होता. बाकीच्या सगळ्यांनी तो त्याच्या उशाशी किंवा पिशवीत होता असंच धरलं होतं. त्याने माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. आपल्याकडची बाई असून हे विचारते, असा तो राग होता.

"मी त्येका जमनीर ठेवीन?" तो म्हणाला. "वर टांगलंय."

खरंच की. अस्थी घरात घेत नाहीत आणि भुईवर टेकवत नाहीत. विसर्जन होईपर्यंत त्या झाडाला टांगतात. हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. पण या हॉलमध्ये झाड कुठलं? दत्तारामने रात्री अर्धा तास जागा शोधली होती. खांबावर आगीसाठी वाळूच्या चार लाल बालद्या टांगलेल्या असायच्या, डोक्याच्या उंचीवर, चार आकड्यांना. त्याने तिसरी बालदी काढून खाली खांबाला टेकवून ठेवली आणि त्या आकड्याला कलशाचं गाठोडं अडकवलं. मग त्याच्याकडे पाय होणार नाहीत अशा बेताने खाली झोपला. परक्या गावात, दोन लोखंडी खुर्च्यांच्या मध्ये, एवढा विचार करून झोपणारा तो माणूस. आणि त्याच्यावर ही वेळ.

रात्री साडेतीनला तो एकदा उठला होता. तेव्हा गाठोडं आकड्यावर होतं, बालदी खाली होती. त्याच वेळी कृष्णाबाई फरशी पुसत तिथे आली. टांगलेलं पांढरं फडकं बघून तिने ओळखलं आणि काही न विचारता पेल्यात पाणी आणून खाली, खांबाच्या मागच्या अंगाला ठेवलं. दोघांची दोन वाक्यं झाली. मग ती बायकांच्या संडासाकडे गेली आणि तो परत झोपला.

हे सांगताना कृष्णाबाईने पदराने तोंड पुसलं. तिचा नवरा चौदा वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. तिला टांगायला काही मिळालं नव्हतं.

"मना तेवडं पन नाय गावलं," ती म्हणाली. "ह्याचं तरी घरला जातंय, म्हनून बरं वाटलं."

मी उठून उभी राहिले आणि खांबाकडे नीट पाहिलं. चार आकडे, चार बालद्या. एक, दोन, तीन, चार. तिसरी पण जागेवर, वाळूने भरलेली. दत्तारामला विचारलं, ही तू परत लावलीस का? तो नाही म्हणाला. सव्वापाचला डोळे उघडले तेव्हाच ती वर होती, म्हणून तर त्याला आधी वाटलं की आपण खांब चुकलो.

मी खांबाच्या मागे वाकून पाहिलं. पेला तिथेच होता. पाण्याच्या तळाशी बोटभर वाळू बसली होती.

कलश चोरून नेणारा माणूस पळून जातो. जाताना दहा किलो वाळूची बालदी उचलून पुन्हा आकड्याला लावत नाही.

३

पावणेसात झाले होते. वेळ थोडा होता, आणि दोन माणसांशी बोलायचं होतं.

पहिले चंद्रप्रकाश शेठ. कापडाचे व्यापारी, नैरोबीहून आलेले, साडेदहाच्या विमानाने राजकोटला जाणारे. घरी मुलीचा साखरपुडा होता. रात्री ते दत्तारामच्या शेजारीच पथारी टाकून होते. वर काय टांगलंय हे कळल्यावर तडक उठले आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेले. कृष्णाबाईवर संशय घ्यायला सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता, म्हणून मला त्यांचाच संशय आला. शुभकार्याला जाताना अस्थी डोक्यावर नकोत म्हणून यांनीच काही केलं नसेल कशावरून?

मी विचारलं तेव्हा ते चिडले. मग ओशाळून म्हणाले, "बेन, माझी एक बॅग अजून त्या खांबाजवळ पडली हाय. तुम्ही कोणाला सांगून जरा मंगवून द्या ना."

बॅग खांबापासून चांगली चार हात लांब होती. त्यात मुलीची साडी होती म्हणे. साखरपुड्याची साडी रात्रभर टाकून दिली, पण हा माणूस खांबाजवळ फिरकला नव्हता. जो सावलीला भितो तो गाठोड्याला हात काय लावणार. मी बॅग आणून दिली. त्यांनी ती माझ्या हातून न घेता खुर्चीवर ठेवायला लावली, त्याचाही मला राग आलाच.

दुसरा मधुकर. दत्तारामला आणि बाळाला परदेशी पाठवणाऱ्या एजंटचा माणूस, मरोळच्या ऑफिसातला. सफारी सूट, बगलेत फाइल. हा पहाटे दत्तारामला भेटायला का आला, तर फाइलमध्ये एक टाइप केलेला कागद होता. बाळा मेस्त्री खोलीत, आजाराने मेला, साइटवर नाही, असं त्यात लिहिलं होतं, म्हणजे भरपाईचा प्रश्नच उरत नाही. साक्षीदार म्हणून दत्तारामची सही हवी होती. मी तिथे असतानाच त्याने दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तू सही कर, मी इथल्या साहेबांशी बोलून तुझं गाठोडं शोधून देतो.

मी तो कागद त्याच्या हातातून घेतला, दत्तारामला वाचून दाखवला आणि परत दिला. दत्तारामने खांद्यावरचा हात काढून टाकला. सही काही झाली नाही.

चोर हाच असावा असं मला मनापासून वाटत होतं. देवाशप्पथ, त्याच्या गळ्यात हे प्रकरण अडकवायला मला फार आवडलं असतं. कलश अडवून सही मिळवायची, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण आत यायला भेटणाऱ्यांना तिकीट लागायचं आणि त्यावर दारातला कारकून वेळ घालायचा. मधुकरच्या तिकिटावर पाच पन्नास होते. दत्तारामने बोंब मारली तेव्हा हा गडी अजून बाहेर होता. आणि त्याने तरी बालदी परत कशाला लावली असती?

राहिली कृष्णाबाई. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. मागच्या वर्षी जिना धुताना ती पडली होती. कंपनीने दोन दिवस सुटी दिली, तीही बिनपगारी. भरलेली बालदी डोक्याइतकी वर उचलायला दोन धड हात लागतात. शिवाय तिने स्वतः ठेवलेल्या पेल्यात तिने वाळू सांडू दिली नसती. ज्याने बालदी लावली त्याला मागे पेला आहे हेच माहीत नव्हतं.

मग कोण? सात वाजून वीस मिनिटं झाली होती. सामानाचं रजिस्टर काढायला मी खिडकीमागे गेले, खण उघडला, आणि माझं डोकंच फिरलं.

४

माझ्या खणात माझा साबण असायचा, डबीत. चंदनाचा. शेजारी माझा पंचा. दोन्ही ओलं. पंचा तर पिळून काढावा इतका ओला.

पहिल्यांदा मी मनात राधाला शिव्या घातल्या. राधा माझी संध्याकाळच्या पाळीची जोडीदार, दुसऱ्याची वस्तू वापरायला तिला कधी काही वाटायचं नाही. पण राधा रात्री दहाला जाते. दहा तासांत पंचा एवढा ओला राहील का? हे काम पहाटेचं होतं. आणि सामानघराची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे असते.

चंदनाचा वास. ओले केस.

तपासणीसाठी आंघोळ करायची असती तर सामंतांनी घरून साबण आणला असता, टॉवेल आणला असता. ठरवून केलेली आंघोळ माणूस बाईच्या पंचाने पुसत नाही. ही आंघोळ अचानक करावी लागली होती. डिसेंबरात, पहाटे, नळाच्या थंड पाण्याने. कशासाठी?

मला माझे वडील आठवले. गिरणीत होते तेव्हा चाळीत कुणी गेलं की खांदा द्यायला जायचे. परत आले की दाराबाहेर उभे राहून पाणी मागायचे. कितीही वाजलेले असोत, अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत.

मी तशीच सामंतांच्या टेबलाकडे गेले. ते दारात साहेबांची वाट बघत उभे होते. टेबलावर फेरीचं रजिस्टर उघडं पडलं होतं. दर दोन तासांनी मॅनेजरने हॉलमध्ये फेरी मारून त्यात लिहायचं असा नियम. सामंतांचं अक्षर सुरेख. पहाटेची नोंद मी दोनदा वाचली.

"फेरी ४.००. फायर बालद्या चार, चारही जागेवर. हॉल स्वच्छ." खाली सही.

साडेतीनला तिसरी बालदी फरशीवर होती. दोन माणसांनी पाहिली होती. चारला ती जागेवर होती, आणि हे खुद्द सामंत लिहून देत होते.

बाहेर मोटारीचं दार वाजलं. साहेब आले होते.

५

दोन साहेब, एक उंच आणि चष्म्याचा, एक गप्प बसणारा. सामंत त्यांच्यापुढे चालत एकेक गोष्ट दाखवत होते. खांबापाशी आले तेव्हा त्यांनी बालद्यांकडे हात केला आणि म्हणाले की आगीच्या बंदोबस्ताकडे आपण जातीने लक्ष देतो. कृष्णाबाईला त्यांनी तोवर दाराआड उभं केलं होतं. तिच्याजवळ हवालदार होता.

मी पुढे झाले. खोटं कशाला सांगू, नोकरी मलाही हवी होती. वडिलांची गिरणी संपानंतर उघडली नव्हती आणि घरात पगार एकच होता.

"साहेब, पहाटे चारच्या फेरीत तुम्ही या बालद्या बघितल्यात?" मी विचारलं.

सामंतांनी माझ्याकडे, मग साहेबांकडे पाहिलं. "अर्थात. रजिस्टरला नोंद आहे."

"चारही जागेवर होत्या?"

"होत्या."

"मग तिसरी जागेवर कुणी लावली?"

उंच साहेबांनी विचारलं की ही काय भानगड आहे. मी सांगितलं. रात्री एका उतारूने त्या आकड्याला अस्थींचा कलश टांगला होता. साडेतीनला तो तिथे होता आणि बालदी खाली होती. चारला बालदी वर होती, मॅनेजरांनीच लिहिलंय. म्हणजे एकतर मॅनेजरांनी फेरी न मारता नोंद केली, किंवा बालदी त्यांनीच वर लावली. या दोनपैकी काय खरं, ते त्यांनी सांगावं.

सामंतांनी बालदीकडे पाहिलं. दोन्ही उत्तरांनी ते अडकत होते. दत्ताराम त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"चोराला आकडा रिकामा दिसला म्हणून काही वाटत नाही," मी म्हटलं. "तपासणी ज्याच्या डोक्यावर आहे त्याला वाटतं. तुम्ही गाठोडं काढलंत, बालदी लावलीत. मग हाताला कळलं काय ते. फडकं सोडून बघितलंत. आणि माझा खण उघडून माझ्या साबणाने आंघोळ केलीत. माझा पंचा अजून ओला आहे, आणून दाखवू?"

चंद्रप्रकाश शेठ लांबून ऐकत होते. आंघोळीचं ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली. त्यांना ते लगेच पटलं.

गप्प बसणारे साहेब पहिल्यांदा बोलले. "अस्थी आहेत कुठे?"

"कचऱ्यात नाहीत," मी म्हटलं. "अस्थींना हात लागला म्हणून जो माणूस पहाटे थंड पाण्याने आंघोळ करतो, तो त्या कचऱ्यात टाकत नाही. त्याची छातीच होणार नाही. तो तेच करील जे दत्तारामने केलं. टांगील. आणि या अख्ख्या आवारात झाड एकच आहे."

सामंतांची नजर नकळत स्टाफ गेटकडे गेली. त्या गेटाबाहेर सायकल स्टँड होता आणि स्टँडमागे एक उंबर.

सगळ्यांच्या आधी कृष्णाबाई निघाली. हवालदार तिला थांबवायला गेला, पण उंच साहेबांनी हात केला.

गाठोडं उंबराच्या दुसऱ्या फांदीला होतं. नीट दुहेरी गाठ मारलेली, वर सामंतांचा धुतलेला हातरुमाल बांधलेला, फडक्यात झेंडूचं एक फूल खोवलेलं. कँटीनमधल्या देवाच्या फोटोचं असावं. दत्तारामने ते दोन्ही हातांनी उतरवलं आणि छातीशी धरून तिथेच उकिडवा बसला. "इलंय रे बाळा," एवढंच तो म्हणत होता.

मग सामंत बोलायला लागले. त्यांना माणसाला उठवायचं नव्हतं, आरडाओरडा झाला असता. आठ वाजता साहेबांना आकड्यावर गाठोडं दिसलं असतं. तपासणी झाली की ते स्वतः आणून देणार होते. पण त्याआधीच दत्ताराम जागा झाला, लोक जमले, शेठ बाईचं नाव घ्यायला लागले, आणि मग सांगायचं राहून गेलं.

"आणि पास?" मी विचारलं.

"तो तात्पुरता घेतला होता. दोन दिवसांनी दिला असता."

मला संताप आला. हा माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने तर फूल वाहिलं होतं. मेलेल्या बाळाला भुईवर टेकू दिलं नाही, झाडाला टांगलं, रुमाल बांधला. आणि जिवंत बाईला तीन तास फरशीवर चोर म्हणून बसवलं.

"बाळाला हात लागला म्हणून तुम्ही आंघोळ केलीत," मी म्हटलं. "कृष्णाबाईला चोर म्हणालात, मग तोंड धुतलंत का?"

सामंतांनी खिशातून पास काढला आणि कृष्णाबाईपुढे धरला.

तिने हात पुढे केला नाही. "हतं नको," ती म्हणाली. "जतं काडून घेतला, ततं दे."

पुन्हा सगळे हॉलमध्ये आले, त्याच खांबापाशी. तोवर विमानाला निघायची वेळ झाली म्हणून उतारू उठले होते, चादरी घड्या करत होते, सगळे बघत होते. मधुकर केव्हाच सटकला होता. सामंतांनी हलक्या आवाजात काहीतरी म्हटलं. कृष्णाबाई म्हणाली की मागच्यांना ऐकू नाही गेलं. तेव्हा त्यांनी मोठ्याने सांगितलं की गाठोडं मीच काढलं होतं, बाईचा काही दोष नाही. मग दोन्ही हातांनी पास दिला. तिने तो गळ्यात घातला, दोरी सारखी केली, आणि आधी खांबामागे वाकून वाळूचा पेला उचलला.

नऊला दत्ताराम टॅक्सीत बसला. पेला स्वच्छ विसळून कृष्णाबाईने त्यात ताजं पाणी आणलं होतं. ते तिने गाठोड्यावर शिंपडलं आणि विचारलं, "मी जरा धरू?" दत्तारामने गाठोडं तिच्या हातात दिलं. दुखऱ्या हाताने तिने ते छातीशी धरलं, डोळे मिटले आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. टॅक्सीवाला मीटर टाकून बसला होता. नवऱ्याचं नाव तिने घेतलं की नाही मला ऐकू आलं नाही. मग तिने गाठोडं परत दिलं आणि म्हणाली, "शेवंतीला सांग, वाटेन येक रात पानी दिलेलं हाय."

टॅक्सी गेली. गेटवरच्या वॉचमनने सवयीने पास विचारला. कृष्णाबाईने तो त्याच्या नाकासमोर धरला, तो नीट वाचेपर्यंत धरला, आणि आत जाऊन झाडू उचलला.

साबण मी फेकून दिला. पंचा मात्र सामंतांच्या टेबलावर, रजिस्टरच्या उघड्या पानावर ठेवून आले. चार दिवसांनी तो धुऊन, इस्त्री करून माझ्या खणात आला. मी तो कधी वापरला नाही.